रीडिंग

शुक्रवारी संध्याकाळी, शरणपूरच्या मागल्या गल्लीत,
रत्नप्रभाबाई ओसरीवर सतरंजी अंथरतात
आणि पाळकसाहेब चष्मा पुसत विचारतात,
‘प्रार्थनेचे विषय सांगा.’

बाईंचा डावा गुडघा असतोच.
शमुवेलच्या कॅनडाच्या व्हिसाला आता तिसरं वर्ष,
उद्या मिळालाच तर आम्हाला चुकल्याचुकल्यासारखं होईल.
माझी पाळी आली की मी म्हणतो, ‘काही नाही, सगळं ठीक.’
बायको कोपराने डिवचते.
मी सतरंजीच्या निळ्या पट्ट्या मोजतो.

मोजणं हाच माझा धंदा.
अठरा वर्षं दारोदार विजेचे मीटर वाचतोय,
पेठ रोड, फुलेनगर, इकडे कॉलेज रोडपर्यंत.
पुढच्या वर्षी नवे मीटर येतायत, ते आपणहून बोलणार म्हणे,
कुणी दार वाजवायला नको.
लोक मला बघत नाहीत, हातातलं मशीन बघतात.
मीही लोकांना बघत नव्हतो, खरं सांगायचं तर.

या सोमवारी एका चाळीत
शेवटच्या खोलीचा आकडा मागच्या महिन्याचाच निघाला:
चार हजार चारशे सतरा.
कुलूप नव्हतं. आत कुणी भांडी घासत होतं.
वायर आम्हीच कापली होती मार्चात, थकबाकीपायी.
अंधारात राखेचा आवाज
जरा जास्तच खरखरीत येतो.

वरच्या मजल्यावर उलटं.
दोन खोल्या, पाचशे चाळीस युनिट.
चुकलं असेल म्हणून दार वाजवलं, तर
कोपऱ्यात ऑक्सिजनचं यंत्र फुसफुसतंय
आणि नळीच्या टोकाला एक म्हातारे,
तांबट आळीत हंडे ठोकून ठोकून जाड झालेले हात
मांडीवर नुसते ठेवलेले.
सून दारापर्यंत आली. ‘दादा, थोडं कमी लिहाल का?’
फोटो काढावा लागतो आता. फोटोत आकडा येतो.
‘नाही जमत ताई,’ म्हणालो,
आणि उतरता उतरता जिन्यात थांबलो.
खाली घंटागाडी ओरडत होती, ओला कचरा, सुका कचरा.
मी तळहातावर पेनाने लिहिलं, ५४०.
भक्तिभावाने नाही. विसरेन म्हणून.

मग ते सुटेचना.
हात धुतला की पुसायचं, म्हणून एका रद्द बिलाच्या पाठीवर लिहू लागलो.
चार हजार चारशे सतराच्या पुढे काय मागावं कळेना,
त्यांच्यासाठी वीज की आपल्यासाठी माफी.
जागा रिकामी सोडली.

बुधवारी एका बंगल्यात
सात खोल्यांना पंचेचाळीस युनिट.
एक फ्रिज, एक दिवा, एक आजीबाई.
त्यांनी पाणी दिलं. पुन्हा पाणी दिलं.
मग विचारलं, ‘मुलाचं नाव काय ठेवलंत?’
आम्हाला मूल नाही.
तरी मी एक नाव सांगितलं.
‘छान आहे,’ म्हणाल्या, आणि तिसऱ्यांदा पाणी आणायला गेल्या.

आज शुक्रवार. गुडघा झाला, व्हिसा झाला.
मी बिल उलटं धरून वाचलं,
‘पाचशे चाळीस. पंचेचाळीस. चार हजार चारशे सतरा.’
पाळकसाहेबांनी शास्त्र उघडलं.
‘स्तोत्रं तर दीडशेच आहेत हो, त्रिभुवन.’
शमुवेल हसला. मीही हसलो.
मग सांगितलं सगळं, जमेल तसं, मागचं पुढे करत.

कुणी काही बोललं नाही थोडा वेळ.
रत्नप्रभाबाईंनीच आधी डोळे मिटले, म्हणाल्या,
‘बापा, पाचशे चाळीस नंबरच्यांना रात्री धाप लागू देऊ नको.
आणि लाईट जाऊ देऊ नको.’
एवढंच. आणि पुढच्या आकड्याकडे वळल्या,
भाजी निवडावी तशा.

बंगल्याच्या आजींपाशी मी अडखळलो होतो.
नावाचं सांगितलं नव्हतं.
घरी बोललो होतो फक्त, बुधवारी रात्री, दिवा मालवल्यावर,
आणि ती कूस वळून म्हणाली होती,
‘अजून लक्षात आहे तुमच्या?’

आता मिटल्या डोळ्यांनी कळलं,
तिचं कोपर माझ्या बरगडीला टेकलंय.
डिवचत नाहीये.
नुसतं टेकलंय.